‘कमी शिसे’ म्हणजे किती?

रसायनशास्त्राच्या तासाला पेट्रोलमधील शिशाचा विषय निघाला की आपण शिक्षक एक वाक्य हमखास सांगतो : पूर्वी पेट्रोलमध्ये शिसे मिसळत असत, आता मिसळत नाहीत. रस्त्यावरच्या वाहनांपुरते हे वाक्य खरे आहे. १ एप्रिल १९९५ पासून दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नई या चार महानगरांत शिसेरहित पेट्रोल मिळू लागले आणि १ फेब्रुवारी २००० पासून ते देशभर लागू झाले. मोटारींसाठी शिसेयुक्त पेट्रोल विकणारा जगातील अखेरचा देश अल्जीरिया. तेथेही जुलै २०२१ मध्ये ही विक्री थांबली. परंतु पेट्रोल केवळ रस्त्यावरच जळते असे नाही. वैमानिकांना प्रशिक्षण देणारी दोन-चार आसनांची विमाने, फवारणीची विमाने, लहान खासगी विमाने यांच्यापैकी बहुतेकांना दट्ट्याचे पेट्रोल इंजिन असते आणि त्यांच्या पेट्रोलमध्ये आजही शिसे असते.

२६ सप्टेंबर २०२२ रोजी गाझियाबादजवळच्या हिंडन हवाई तळावर इंडियन ऑइलने ‘एव्हगॅस १०० एलएल’ हे विमानाचे पेट्रोल समारंभपूर्वक सादर केले. वडोदऱ्याजवळच्या गुजरात रिफायनरीत ते तयार होते. तोपर्यंत हे इंधन युरोपातून आयात होत असे. आता परकीय चलन वाचेल, वैमानिकांचे प्रशिक्षण स्वस्त होईल आणि निर्यातही करता येईल, असे त्या वेळी सांगण्यात आले. जानेवारी २०२३ मध्ये ८० पिंपे, म्हणजे १६ हजार लिटर इंधन पापुआ न्यू गिनीला रवानाही झाले. विमानाच्या इंधनाची कसोटी कडक असते. ती उतरणे ही लहान कामगिरी नव्हे, आणि तिचे श्रेय तिला दिलेच पाहिजे. तरीही विज्ञानशिक्षक म्हणून आमची एक तक्रार आहे. या आनंदात इंधनाच्या नावातील शेवटची दोन अक्षरे मागे पडली. ती अक्षरे काय सांगतात, त्यांच्यावाचून चालेल का, आणि त्यासाठी सुचवले जाणारे पर्याय कसोटीला किती उतरतात, हे येथे तपासून पाहू.

आमचे मलकापूर हे कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्यावरचे, आंबा घाटाच्या अलीकडचे गाव. येथील शिक्षकांनी विमानाच्या पेट्रोलची उठाठेव का करावी, असे कोणी विचारील. त्याला उत्तर असे की, या प्रश्नावर सर्वांत आधी सुचवला जाणारा उपाय आपल्याच जिल्ह्यात पिकतो. साखर कारखान्यांच्या आसवन्यांत इथेनॉल तयार होते, ते मोटारीत चालते, मग विमानात का चालू नये? हा प्रश्न वर्गात मुले विचारतात, आणि चावडीवर मोठी माणसेही विचारतात. प्रश्न चांगला आहे. त्याचे उत्तर मात्र ‘हो’ किंवा ‘नाही’ अशा एका शब्दात देता येत नाही.

नावातली दोन अक्षरे

‘एलएल’ म्हणजे ‘लो लेड’, अर्थात कमी शिसे. नाव ऐकून वाचकाचा समज होतो की शिसे नावापुरतेच असणार. आकडे पाहिले की हा समज टिकत नाही. या इंधनात लिटरमागे जास्तीत जास्त ०.५६ ग्रॅम शिसे चालते. त्याआधीच्या ‘१००/१३०’ या विमान-पेट्रोलात ते १.१२ ग्रॅमपर्यंत असे. त्याच्या निम्मे, म्हणून ‘कमी’. आता दुसरी तुलना करा. जून १९९४ मध्ये आपल्या महानगरांत मोटारींसाठी जे ‘कमी शिशाचे’ पेट्रोल आणले गेले, त्याची मर्यादा लिटरला ०.१५ ग्रॅम होती. म्हणजे विमानाच्या ‘कमी शिसे’ पेट्रोलमध्ये मोटारीच्या त्या ‘कमी शिसे’ पेट्रोलच्या पावणेचार पट शिसे असू शकते. आणि मोटारीचे ते पेट्रोलही आपण पुढे सहा वर्षांच्या आत बंद केले. ‘कमी’ हे विशेषण कशाच्या तुलनेत, हे विचारल्याशिवाय त्याला अर्थ नसतो. वर्गात मापनाचा धडा शिकवताना यापेक्षा चांगले उदाहरण मिळणे कठीण.

आणखी एक हिशोब करून पाहू. सेसना १७२ हे जगभर प्रशिक्षणासाठी वापरले जाणारे विमान तासाला सुमारे ३२ लिटर पेट्रोल जाळते. ३२ ला ०.५६ ने गुणले की सुमारे १८ ग्रॅम येतात. आपल्याकडे व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी २०० तासांचे उड्डाण लागते. ते सर्व अशाच विमानात झाले असे धरले, तर एका वैमानिकाच्या शिक्षणामागे जास्तीत जास्त साडेतीन किलोहून थोडे अधिक शिसे इंजिनातून जाते. त्याचा थोडा भाग वंगणतेलात व इंजिनात राहतो, बाकीचे धुराबरोबर बाहेर पडते. ही कमाल मर्यादा आहे, प्रत्यक्ष आकडा कमी असू शकतो. पण तो शून्याच्या जवळपासही नाही.

हे शिसे अतिसूक्ष्म कणांच्या रूपात बाहेर येते आणि धावपट्टीच्या परिसरात साचते. प्रशिक्षणाचे विमान त्याच धावपट्टीवर पुन्हा पुन्हा उतरते व चढते. उड्डाणापूर्वी एका जागी उभे राहून इंजिनाची चाचणी घेते. कॅलिफोर्नियातील सांता क्लारा परगण्यात रीड-हिलव्ह्यू हा असाच गजबजलेला लहान विमानतळ भर वस्तीत आहे. त्याच्या आसपासच्या मुलांच्या रक्ताच्या सुमारे १७ हजार नमुन्यांचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. विमानतळापासून अर्ध्या मैलाच्या आत राहणाऱ्या मुलांच्या रक्तात दूरच्या मुलांपेक्षा अधिक शिसे आढळले. वाऱ्याच्या दिशेला राहणाऱ्यांत ते आणखी वाढलेले होते. १ जानेवारी २०२२ पासून त्या परगण्याने आपल्या विमानतळांवर शिसेयुक्त पेट्रोलची विक्री थांबवली. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने ऑक्टोबर २०२३ मध्ये औपचारिक निष्कर्ष काढला की, अशा विमानांतून निघणारे शिसे सार्वजनिक आरोग्याला धोका निर्माण करणाऱ्या प्रदूषणात भर घालते. त्या देशात हवेत सोडल्या जाणाऱ्या शिशापैकी सुमारे ७० टक्के याच विमानांचे असते. मुलांच्या मेंदूला शिशाची सुरक्षित अशी मात्रा नाही, हे आता जागतिक आरोग्य संघटनाही सांगते.

शिसे हवेच कशाला?

टीका करायची तर समोरच्याची अडचण आधी समजून घ्यावी. तेल कंपन्यांना किंवा वैमानिकांना शिशाची हौस नाही. पेट्रोल इंजिनात इंधन व हवा यांचे मिश्रण दट्ट्या दाबतो आणि मग ठिणगी पडते. ठिणगीपासून निघालेली ज्योत सिलिंडरभर पसरायला काही क्षण लागतात. ज्योत पोहोचण्याआधीच कोपऱ्यातले मिश्रण दाबाने व उष्णतेने आपोआप एकदम पेटले, तर आतून हातोड्याचे घाव बसावेत तसे धक्के बसतात. स्कूटर जड चढावर ‘खडखडते’ तो हाच प्रकार. रस्त्यावर खडखड झाली तर आपण गिअर बदलतो. आकाशात ती काही मिनिटे चालली तर दट्ट्याला भोक पडू शकते.

हे टाळण्याची इंधनाची क्षमता म्हणजे ऑक्टेन अंक. १९२१ च्या डिसेंबरात अमेरिकेत टॉमस मिजली यांना आढळले की टेट्राएथिल लेड हे संयुग चिमूटभर घातले तरी हा अंक चांगलाच वाढतो. १९२३ पासून ते विकले जाऊ लागले, आणि पुढे विमानांची इंजिने याच इंधनाभोवती घडत गेली.

विमानाच्या इंजिनाची घडणही लक्षात घ्या. सेसना १७२ च्या अनेक विमानांत बसवलेले लायकमिंग कंपनीचे चार सिलिंडरचे इंजिन ५.२ लिटरचे आहे. त्याचा एकेक सिलिंडर १.३ लिटरचा, म्हणजे आपल्याकडच्या लहान मोटारीच्या सबंध इंजिनाहून मोठा. दट्ट्याचा व्यास सुमारे १३० मिलिमीटर. ज्योतीला जेवढे अंतर जास्त, तेवढा कोपऱ्यातल्या मिश्रणाला अकाली पेटायला वेळ जास्त. शिवाय हे इंजिन पाण्याने नव्हे, हवेने थंड होते. आणि ठिणगीची वेळ आधुनिक मोटारीप्रमाणे क्षणोक्षणी बदलत नाही, बहुधा ती ठरलेली असते. या इंजिनाला खडखड ऐकून स्वतःला सावरता येत नाही. म्हणून इंधनानेच सावरावे लागते. आपल्या साध्या पेट्रोलचा जो ९१ अंक सांगितला जातो, तो सौम्य चाचणीचा. विमान-पेट्रोलसाठी वापरल्या जाणाऱ्या कडक चाचणीत त्याच पेट्रोलची किमान अट ८१ ची आहे, तर १०० एलएलची जवळजवळ १०० ची. दोन आकडे शेजारी ठेवताना चाचणी एकच आहे ना, हे आधी पाहावे.

शिसे काढून टाकले तर?

पहिला पर्याय सर्वांत सरळ आहे. हेच पेट्रोल घ्यावे, शिसे घालू नये. ऑक्टेन अंक ९१ ते ९४ वर येतो. बऱ्याच कमी दाबाच्या इंजिनांना तेवढा पुरतो. स्वीडनमध्ये येल्मको ही कंपनी १९९१ पासून असे शिसेरहित विमान-पेट्रोल विकत आली आहे. अमेरिकेत नेहमी सांगितला जाणारा हिशोब असा की, १०० अंकाची खरी गरज सुमारे ३० टक्के विमानांनाच आहे. पण ती मोठी व सतत उडणारी असल्याने ७० टक्के इंधन तीच जाळतात. विमानतळावर दोन टाक्या ठेवणे परवडत नाही, म्हणून ज्यांना गरज नाही तेही शिसेयुक्त पेट्रोल भरतात. प्रशिक्षणाची पुष्कळ विमाने या ‘गरज नाही’ गटातली आहेत. तेव्हा शिसे ही त्यांच्यापुरती इंजिनाची गरज नसून साठवणुकीची सोय आहे. आमच्या मते या सगळ्या चर्चेत सर्वांत कमी बोलला जाणारा मुद्दा हाच.

पण येथेही घाई नडते. अमेरिकेतील नॉर्थ डकोटा विद्यापीठ वैमानिक घडवणाऱ्या मोठ्या संस्थांपैकी एक. जून २०२३ मध्ये त्यांनी आपली विमाने ९४ अंकाच्या शिसेरहित पेट्रोलवर आणली. चार महिने हजारो तास उड्डाणे झाली. मग तपासणीत दिसले की धूर बाहेर सोडणाऱ्या झडपा जिथे टेकतात त्या बैठका अपेक्षेपेक्षा लवकर झिजत आहेत. ऑक्टोबर २०२३ मध्ये विद्यापीठ पुन्हा शिसेयुक्त पेट्रोलकडे वळले. खडखड झाली नव्हती. ऑक्टेन अंक पुरेसा होता. लायकमिंगने नंतर केलेल्या तपासात या पेट्रोलमधील अॅरोमॅटिक संयुगांचे, म्हणजे टोल्युइनसारख्या वलयी हायड्रोकार्बनांचे, कमी प्रमाण हे एक कारण म्हणून पुढे आले.

याचा अर्थ शिसेरहित पेट्रोल वाईट असा नव्हे. स्वीडनचा अनुभव तसे सांगत नाही. अर्थ एवढाच की इंधन हा एकच आकडा नसतो. ऑक्टेन, बाष्पदाब, ज्योतीचा वेग, रबरावर होणारा परिणाम, झडपांवर बसणारा थर या सर्वांची ती एक मोळी असते. एक काडी काढली की मोळी सैल होते. शंभर वर्षे शिशाने ऑक्टेनखेरीज आणखी कोणती कामे गुपचूप केली, हे ते काढल्यावरच कळू लागले.

शंभराचा आकडा गाठला तर?

दुसरा पर्याय म्हणजे शिशावाचून १०० अंक गाठणारे नवे पेट्रोल. अमेरिकेत अशी तीन इंधने पुढे आली. ‘जी१०० यूएल’ला तेथील विमान प्रशासनाने सप्टेंबर २०२२ मध्ये ठिणगीच्या सर्व विमान-इंजिनांसाठी मान्यता दिली, म्हणजे हिंडनला शिसेयुक्त पेट्रोलचा समारंभ झाला त्याच महिन्यात! ‘१०० आर’ला सप्टेंबर २०२४ मध्ये सेसना १७२ च्या काही प्रकारांपुरती मान्यता मिळाली. ‘यूएल १०० ई’ची वाटचाल प्रशासनाच्या सामायिक चाचणी-योजनेतून सुरू झाली. २०३० अखेर शिसे हद्दपार करण्याचे तेथील उद्दिष्ट आहे, आणि तोवर शिसेयुक्त पेट्रोल एकाएकी बंद करू नये असेही २०२४ च्या कायद्याने विमानतळांना बजावले आहे.

मान्यता मिळाली म्हणजे प्रश्न संपला का? २०२४ च्या अखेरीस कॅलिफोर्नियातील वॉटसनव्हिल येथे जी१०० यूएल वापरणाऱ्या काही विमानमालकांनी रंग निघाल्याच्या व टाकीच्या सांध्यांतील लुकण खराब झाल्याच्या तक्रारी केल्या. उत्पादकाने त्यांचा प्रतिवाद केला. खरेखोटे करणे येथे आमचे काम नाही. लक्षात घ्यायचे ते हे की, इंजिन खुश असले तरी टाकी, नळी आणि रंग यांचेही मत विचारावे लागते. नवी इंधने एकमेकांत मिसळली तर काय, हाही प्रश्न आहेच. वैमानिक एका गावी एक आणि दुसऱ्या गावी दुसरे पेट्रोल भरणार, तेव्हा टाकीत जे मिश्रण होईल त्याची चाचणी कोणी घ्यायची?

उसावर उडणारे विमान

आता आपल्या उसाकडे येऊ. ‘इथेनॉलवर विमान उडणे शक्य नाही’ असे कोणी ठामपणे सांगितले तर ते चूक आहे. टेक्सासमधील बेलर विद्यापीठाचे गणिताचे प्राध्यापक मॅक्स शॉक आणि ग्राझिया झानिन यांनी १९८९ मध्ये इथेनॉलवर चालणाऱ्या लहान विमानातून अटलांटिक महासागर ओलांडला. ब्राझीलच्या एम्ब्रेअर कंपनीचे ‘इपानेमा’ हे फवारणीचे विमान इथेनॉलवर चालण्यासाठी २००४ मध्ये प्रमाणित झाले. कारखान्यातून नियमितपणे तयार होणारे असे ते जगातील पहिले विमान. त्याचे इंजिन लायकमिंगचेच आहे. ते बनते साओ पावलो राज्यातील बोतुकातू येथे, आणि साओ पावलो म्हणजे ब्राझीलचे ऊस-आगर.

पण मग ते सगळीकडे का पसरले नाही? येथे हिशोब कामी येतो. पेट्रोलच्या एका लिटरमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, इथेनॉलच्या लिटरमध्ये सुमारे २१, म्हणजे दोन-तृतीयांश. २०० लिटरची टाकी पेट्रोलवर सहा तास पुरत असेल, तर इथेनॉलवर ती चार तासांच्या आसपास संपेल. इथेनॉलचा ऑक्टेन अंक चांगला असल्याने इंजिनातला दाब वाढवून थोडी भरपाई करता येते, पण सगळी नव्हे. फवारणीचे विमान शेताच्या कडेलाच उतरते. त्याला वारंवार इंधन भरणे चालते. दूरच्या प्रवासाला निघालेल्या विमानाला चालत नाही. शिवाय इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलच्या दुपटीहून अधिक उष्णता लागते, म्हणून थंडीत इंजिन सुरू व्हायला त्रास होतो. नळ्या, पंप, रबरी भाग सगळे त्याला साजेसे निवडावे लागतात. ‘इपानेमा’त ते तसे निवडलेले आहेत. जुन्या विमानात नुसते इथेनॉल ओतणे आणि इथेनॉलसाठी विमान घडवणे यांत हा फरक आहे.

याहून अडचणीचा आहे तो अर्धवट मार्ग, म्हणजे पंपावरचे मिश्र पेट्रोल. बंगळूरच्या नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीज या संस्थेने तयार केलेले ‘हंसा-एनजी’ हे दोन आसनी प्रशिक्षण विमान ३ सप्टेंबर २०२१ रोजी प्रथम उडाले. त्याचे रोटॅक्स इंजिन ऑस्ट्रियाचे. हे इंजिन मोटारीच्या शिसेरहित पेट्रोलवर चालण्यासाठीच घडलेले आहे. उलट शिसेयुक्त पेट्रोल सतत वापरले तर त्याच्या तेलात शिशाचा गाळ साचतो व तेल लवकर बदलावे लागते. म्हणजे शिसे नको असलेले इंजिन आपल्या हाती आहे. मग अडले कुठे? रोटॅक्स आपल्या या इंजिनांना १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालू देते. आपल्या पंपांवर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल ६ फेब्रुवारी २०२३ पासून येऊ लागले आणि २०२५ पर्यंत ते देशभर झाले. या पेट्रोलचा ऑक्टेन अंक साध्या पेट्रोलहून अधिक, सौम्य चाचणीत ९५ आहे! तरीही ते येथे चालत नाही.

त्यामागील एक कारण पाण्याशी संबंधित आहे. इथेनॉलला पेट्रोल आवडते तसे पाणीही आवडते, किंबहुना पाणी अधिक. मिश्रणात थोडे पाणी शिरले आणि तापमान उतरले, की इथेनॉल पाण्याचा हात धरून खाली बसते आणि वर कमी ऑक्टेनचे पेट्रोल उरते. विमान वर जाते तसे तापमान उतरतेच, आणि टाकीतून इंजिनाकडे जाणारी वाट तळाशी असते. लहान विमानतळांवर यासाठी एक साधी चाचणी करतात. अंशांकित नळीत १० मिलिलिटर पाणी व ९० मिलिलिटर पेट्रोल घालून हलवतात. पेट्रोल शुद्ध असेल तर खालचा थर १० वरच राहतो. २० टक्के इथेनॉल असेल तर ९० मिलिलिटरमधले १८ मिलिलिटर इथेनॉल पाण्यात उतरते व खालचा थर २८ च्या आसपास चढतो. ही चाचणी वर्गात करू नये, पेट्रोलची वाफ पेट घेते. पण फळ्यावर आकृती काढून तिचा हिशोब मुलांकडून जरूर करून घ्यावा.

यातला विरोधाभास मलकापुरात बसून विशेष जाणवतो. आपल्या उसाचे इथेनॉल रस्त्यावरच्या पेट्रोलमध्ये गेले. त्याने आयात कमी झाली आणि कारखान्यांना आधार मिळाला. पण त्याच मिश्रणाने हलक्या विमानासाठी शिसे टाळण्याची सर्वांत सोपी वाट अरुंद केली. यात कोणाचा दोष नाही. दोन धोरणे आपापल्या खोलीत ठरली आणि त्यांची गाठ विमानाच्या टाकीत पडली. इथेनॉलविरहित पेट्रोलचा थोडा साठा प्रशिक्षण संस्थांसाठी वेगळा मिळावा, एवढ्याने ही वाट पुन्हा मोकळी होऊ शकते.

इंधन बदलावे की इंजिन?

राहिला चौथा पर्याय, आणि त्याचे उदाहरण महाराष्ट्रातलेच आहे. अमरावतीजवळ बेलोरा येथे एअर इंडियाने वैमानिक प्रशिक्षण संस्था उभारण्याचे ठरवले. तिच्यासाठी ३४ विमाने मागवल्याचे २०२५ मध्ये जाहीर झाले : एका इंजिनाची ३१ पायपर व दोन इंजिनांची ३ डायमंड. या सर्वांची इंजिने ‘जेट ए-१’ इंधनावर चालणारी आहेत. म्हणजे मोठ्या प्रवासी विमानांना लागते तेच केरोसीनच्या जातीचे इंधन. ही इंजिने दट्ट्याचीच, पण डिझेलच्या तत्त्वावरची. त्यांत ठिणगी नसते. हवा इतकी दाबली जाते की इंधन फवारताच पेटते. आपोआप पेटणे हा पेट्रोल इंजिनातला दोष येथे कामाचा गुण ठरतो. त्यामुळे उच्च ऑक्टेनची गरज संपते, आणि गरज संपली की शिसेही संपते. रसायनाने जे साधेना, ते इंजिनाच्या रचनेने साधले.

हा पर्यायही फुकट नाही. अशी इंजिने महाग असतात. त्यांपैकी काही ठरावीक तासांनंतर दुरुस्त न करता संपूर्ण बदलावी लागतात. जेट इंधन खनिज तेलातूनच येते, तेव्हा कार्बनचा प्रश्न उरतो. आणि बारामती, नागपूर, धुळे यांसारख्या ठिकाणी पूर्वापार प्रशिक्षण देत आलेल्या संस्थांना आपली पेट्रोलची विमाने एका रात्रीत टाकून देणे शक्य नाही. नवी संस्था उभारणाऱ्याला जी मोकळीक असते, ती जुन्याला नसते.

आमचे म्हणणे

हे सर्व पाहिल्यावर २०२२ च्या त्या समारंभाकडे पुन्हा वळून पाहिले, तर आमचा आक्षेप नेमका मांडता येतो. आयात होणारी वस्तू येथे बनली, ही त्या दिवसाची बातमी होती. पण कोणती वस्तू बनली, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा होता. जग ज्या इंधनाच्या निरोपाची तारीख ठरवत होते, त्याचे आपण स्वागत केले. युरोपीय संघात टेट्राएथिल लेडच्या वापरासाठी १ मे २०२५ पासून खास परवानगी लागू लागली. अशा वेळी आजची गरज भागवणे समजू शकते. उड्डाणे थांबवा असे कोणीच म्हणत नाही. मात्र गरज भागवण्याच्या घोषणेबरोबर ती गरज संपवण्याची तारीखही असायला हवी होती. जो कारखाना १०० एलएल बनवू शकतो, त्याच्या तंत्रज्ञांना त्याच घराण्यातले शिसेरहित ९१ किंवा ९४ अंकाचे पेट्रोल अपरिचित नाही. ज्या इंजिनांना ते चालते त्यांची यादी करावी, एका प्रशिक्षण संस्थेत ते वापरून पाहावे, झडपांची झीज ठरावीक तासांनी मोजावी आणि निष्कर्ष प्रसिद्ध करावेत. नॉर्थ डकोटाने माघार घेतली, पण मोजमाप केले म्हणूनच जगाला काही शिकता आले. तसेच प्रशिक्षणाच्या धावपट्ट्यांभोवतीच्या मातीतले आणि शेजारच्या मुलांच्या रक्तातले शिसे मोजणे आपल्या विद्यापीठांच्या आवाक्याबाहेरचे नाही.

वर्गापुरते बोलायचे तर आपणही आपले वाक्य दुरुस्त करावे. ‘भारतात पेट्रोलमध्ये शिसे नाही’ याऐवजी ‘भारतात रस्त्यावरच्या वाहनांच्या पेट्रोलमध्ये शिसे घालत नाहीत, लहान विमानांच्या पेट्रोलमध्ये अजून लिटरला ०.५६ ग्रॅमपर्यंत असू शकते’ असे सांगावे. वाक्य थोडे लांबते, पण खरे होते. नववी-दहावीच्या मुलांना वर दिलेला साडेतीन किलोंचा हिशोब घालावा. आणि उसापासून इंधन मिळते हे शिकवताना, एकाच इंधनाने फवारणीचे विमान का उडते व लांबचे का अडते, हे विचारावे. शाहूवाडी तालुक्यातल्या मुलाला ऊस ठाऊक असतो, आसवनी ठाऊक असते. विमान त्याने बहुधा खालूनच पाहिलेले असते. पुढे त्यातलाच एखादा वैमानिक होईल, एखादा तेल कंपनीत रसायनतज्ज्ञ होईल. ‘कमी’ असे लिहिलेले दिसले की ‘किती?’ असे विचारण्याची सवय दोघांनाही उपयोगी पडेल.